तळापासून वर: ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ हा अल्बम कसा ऐकावा

फंक आणि सोल हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे संगीतप्रकार ऐकायला नव्याने सुरुवात करणाऱ्याच्या हातात कुणी ना कुणी एक यादी ठेवतं, आणि त्या यादीत स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडचा ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ हमखास असतो. नोव्हेंबर १९७१ मध्ये एपिक रेकॉर्ड्सने काढलेला हा स्टुडिओ अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला होता. एवढं वाचून माणूस मोठ्या उत्साहाने अल्बम लावतो, दोन-तीन गाणी ऐकतो आणि बंद करतो. आवाज दबल्यासारखा, गायक पुटपुटतोय, शब्द कळत नाहीत, नाचावं असंही काही नाही. मग हा अल्बम नावाजलेला का, हे कोडं तसंच राहतं.

माझ्या मते अडचण ऐकण्याच्या क्रमात आहे. आपल्या कानाला गाणं शब्दांकडून ऐकायची सवय असते. भावगीत असो, नाट्यपद असो की अभंग, आधी शब्द मनात उतरतात, मग चाल, आणि साथीकडे लक्ष जातं ते सर्वांत शेवटी. हा अल्बम त्या वाटेने गेलं तर दार उघडत नाही. इथे तळाकडून वर यावं लागतं: आधी ठेका, मग बेस, मग मधली वाद्यं, मग आवाज, आणि शब्द अगदी शेवटी. खाली तोच क्रम लावला आहे. घाई करू नका. रोज एक पायरी केली तरी दहा-बारा दिवसांत अल्बम पुरता ओळखीचा होईल.

आधी तयारी

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर पोहोचतच नाही, म्हणजे ज्या वाद्यावर हा अल्बम उभा आहे तेच गायब होतं. बरे हेडफोन किंवा साधे पण मोठ्या आकाराचे स्पीकर पुरतात, महाग सामान लागत नाही. इक्वलायझर सपाट ठेवा. ‘बेस बूस्ट’ लावलात तर बेस फुगतो आणि त्यातले बारकावे लिबलिबीत होतात.

ॲपमध्ये शफल बंद करा, आणि एक गाणं दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेडही बंद करा. मूळ अल्बममध्ये बारा नावं आहेत, तबकडीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा. २००७ च्या आवृत्तीत शेवटी काही जादा तुकडे जोडले आहेत, ते सध्या बाजूला ठेवा. पहिल्या बाजूचा शेवट ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ या पावणेनऊ मिनिटांच्या गाण्याने होतो आणि त्यानंतर अल्बमचंच नाव असलेला ट्रॅक येतो, ज्याची लांबी छापली आहे ०:०० मिनिटं. डिजिटल आवृत्तीत तिथे काही सेकंद शांतता मिळते. ॲप बिघडलेलं नाही. ‘दंगल चालू आहे’ असं नाव असलेल्या गाण्यात काहीच वाजत नाही. दंगली नसाव्यात असं वाटत होतं म्हणून वेळ शून्य ठेवली, असं स्लायने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

सोबत वही-पेन घ्या, आणि फोनवर टॅप करून लय मोजता येईल असं एखादं मेट्रोनोम ॲप. ते आठव्या पायरीला लागेल.

पायरी १: आधी १९६९ चा बँड ऐका

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. ‘रायट’ हा एका आनंदी बँडचा अंधारातला अल्बम आहे. उजेड पाहिलाच नसेल तर अंधार किती दाट आहे ते कळणार कसं?

म्हणून आधी त्यांचा १९६९ चा ‘स्टँड!’ लावा. पूर्ण ऐकलात तर उत्तमच. नाहीतर ‘एव्हरीडे पीपल’ आणि ‘सिंग अ सिंपल साँग’ ही दोन गाणी तरी ऐका, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, आलेलं ‘थँक यू’. या सिंगलचं पूर्ण नाव लांबलचक आहे आणि स्पेलिंग मुद्दाम वेडंवाकडं केलेलं आहे, पण ‘थँक यू’ आणि बँडचं नाव टाकलं की सापडतं.

ऐकताना माणसं ओळखा. स्लाय स्टोन, खरं नाव सिल्व्हेस्टर स्टुअर्ट, जन्म १९४३, टेक्सासचा, वाढला कॅलिफोर्नियातल्या वलेहो गावात. बँड काढण्याआधी तो सॅन फ्रान्सिस्को भागातल्या रेडिओवर डीजे होता. गिटारवर भाऊ फ्रेडी, कीबोर्डवर बहीण रोझ, बेसवर लॅरी ग्रॅहम, ड्रमवर ग्रेग एरिको, ट्रम्पेटवर सिंथिया रॉबिन्सन, सॅक्सोफोनवर जेरी मार्टिनी. एरिको आणि मार्टिनी गोरे, बाकीचे काळे, आणि बायका नुसत्या मागे उभ्या राहून कोरस न गाता वाद्यं वाजवणाऱ्या. त्या काळच्या अमेरिकेत मोठ्या रंगमंचावर असं दृश्य जवळजवळ नव्हतंच.

गाण्याची एकेक ओळ एकेकाने उचलायची, ब्रासने, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनने, मध्ये घुसून दाद द्यायची, सगळं मोकळं, झगझगीत. १७ ऑगस्ट १९६९ च्या पहाटे वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या रंगमंचावरून त्यांनी झोपेला आलेल्या गर्दीला उठवून गायला लावलं, ती हीच ताकद.

इथे एक छोटा सराव करा. फंकमध्ये चार मात्रांचं आवर्तन धरा आणि पहिल्या मात्रेवर पाय आपटा. जेम्स ब्राऊनने साठच्या दशकात आपल्या वादकांना या पहिल्या मात्रेवर सगळा जोर द्यायला लावला आणि तिथून फंकचा पाया पडला. समेवर येण्याची सवय असलेल्या कानाला हे लगेच जमतं. आता पाय पहिल्या मात्रेवर ठेवून टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या, कारण स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, तिथे वाजतो. आपला हात आपसूक पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पडतो, म्हणून सुरुवातीला थोडं अवघडल्यासारखं होईल. ‘एव्हरीडे पीपल’वर हे बिनचूक जमलं की पुढे चला.

पायरी २: दोन वर्षांत काय झालं ते माहीत करून घ्या

थोडक्यात सांगतो. वुडस्टॉकनंतर बँड अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झाला आणि तिथूनच तो उसवत गेला. स्लाय लॉस एंजेलिसला गेला, कोकेन आणि इतर अंमली पदार्थ रोजचे झाले, मैफली ऐन वेळी रद्द होऊ लागल्या. २७ जुलै १९७० रोजी शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये त्यांचा मोफत कार्यक्रम ठेवला होता, तिथे बँड वाजवण्याआधीच दंगल पेटली. नवा अल्बम येईना, म्हणून एपिकने नोव्हेंबर १९७० मध्ये जुन्या गाण्यांचा संग्रह काढून वेळ मारून नेली. १९७१ मध्ये ड्रमर एरिको बँड सोडून गेला.

बाहेरही काही बरं चाललं नव्हतं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, व्हिएतनामचं युद्ध संपत नव्हतं. सगळे मिळून गाऊ या म्हणणाऱ्या बँडला आता त्या गाण्यावर विश्वास ठेवणं जड जात होतं. मे १९७१ मध्ये सोल गायक मार्व्हिन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम आला. काय चाललंय, असा त्याचा प्रश्न. स्लायच्या अल्बमचं ठरलेलं नाव ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ होतं. ते बदलून त्याने जे नाव दिलं, ते त्या प्रश्नाचं उत्तर मानलं जातं.

अल्बमचा बराच भाग बेल एअर भागातल्या भाड्याच्या बंगल्यात, घरातच उभारलेल्या स्टुडिओत झाला. सात जण एका खोलीत उभे राहून वाजवताहेत, हे चित्र इथे डोळ्यांपुढून पुसून टाका. बहुतेक वेळा स्लाय एकटा एकेक वाद्य वाजवून थर चढवत होता. कधी बँडमधलं कुणी यायचं, कधी बॉबी वोमॅक गिटार घेऊन यायचा, कधी बिली प्रेस्टन कीबोर्डवर बसायचा.

पायरी ३: एकदा सलग, काहीही न करता

आता अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, सुमारे पाऊण तास, सलग ऐका. फोन दूर ठेवा, शब्द शोधू नका, वहीसुद्धा बंद. शक्य असेल तर रात्री ऐका. आवडला नाही तरी चालेल. या ऐकण्यातून एकच गोष्ट हवी आहे: शरीराला अल्बमची लय कळली पाहिजे. ‘स्टँड!’ ऐकताना पाय आपोआप हलत होता. इथे तो हलतो का? कुठे हलतो आणि कुठे थबकतो? संपल्यावर दोन ओळी लिहून ठेवा.

पायरी ४: मशीनला कान लावा

आता ‘फॅमिली अफेअर’ एकटं लावा. गाणं सुरू होताच मागे एक बारीक, कोरडा, टिकटिकणारा आवाज येतो. तोच धरून ठेवायचा. हे मेस्ट्रो कंपनीचं ‘ऱ्हिदम किंग’ नावाचं ठेका देणारं यंत्र आहे. घरी ऑर्गन वाजवणाऱ्यांना किंवा हॉटेलात एकट्याने कार्यक्रम करणाऱ्यांना साथ म्हणून बनवलेलं. बॉसानोव्हा, रॉक असे तयार ठेके बटणांवर असायचे. बटण दाबा, वेग लावा, संपलं.

रियाजाला तबलायंत्र लावणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा आहे. यंत्र चुकत नाही, पण दमही घेत नाही. गाणारा रंगात आला म्हणून लय चढत नाही, ठुमकत नाही. मैफलीत कुणी ते साथीला घेत नाही, ते याचसाठी. स्लायने मात्र हे यंत्र सरळ अल्बममध्ये घेतलं आणि त्याचा निर्विकारपणा लपवला नाही. ‘फॅमिली अफेअर’ अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ड्रम मशीनवर उभं असलेलं गाणं इतक्या वर पोहोचल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण आहे. पुढे हिप-हॉप आणि नव्वदीनंतरच्या सोलमध्ये यंत्राचा ठेका हा पायाच झाला.

सराव असा. गाणं तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त यंत्र ऐका, बाकी काही नाही. लक्ष आवाजाकडे घसरलं की परत आणा. दुसऱ्यांदा त्या टिकटिकीवर बोटाने टेबलावर ठोके द्या. तिसऱ्यांदा टिकटिकीला धरून कोण चालतंय आणि कोण थोडं मागे रेंगाळतंय ते पाहा. इथे अल्बमचं मर्म सापडतं. यंत्र काट्यावर चालतं, पण कीबोर्ड, गिटार आणि स्लायचा आवाज केसभर उशिरा येतात. ही ढिलाई हलगर्जीपणातून आलेली नाही. एका ताठ रेषेवर माणसं सैल अंगाने टेकली आहेत, आणि त्या दोघांमधल्या फटीतून गाण्याला झोका मिळतो.

मग ‘स्पेस्ड काउबॉय’, ‘टाइम’ आणि ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ याच पद्धतीने ऐका. ‘टाइम’ इतकं संथ आहे की दोन ठोक्यांमध्ये काय चाललंय ते आरामात न्याहाळता येतं. ‘स्पेस्ड काउबॉय’मध्ये स्लाय मध्येच आल्प्सच्या डोंगरकऱ्यांसारखं योडलिंग करतो, ते ऐकून दचकू नका. ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ला चांगला वेळ द्या. त्यात कथानक नाही, चढण नाही. ठेका चालू राहतो आणि वाद्यं त्याच्याभोवती येऊन-जाऊन असतात. काही गाण्यांत यंत्रावर खरे ड्रमही चढवलेले आहेत. हात कुठला आणि यंत्र कुठलं, हे वेगळं काढता आलं की ही पायरी पक्की झाली समजा.

पायरी ५: बेस, आणि बेसच्या मोकळ्या जागा

लॅरी ग्रॅहमची एक हकिगत आधी सांगायला हवी. तो तरुणपणी आईबरोबर कार्यक्रम करायचा. पुढे साथीला ड्रमर उरला नाही. तेव्हा बेस वाजवताना त्याने अंगठ्याने जाड तार ठोकून किक ड्रमची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची, जागा भरली आणि बोटाने बारीक तार ओढून सोडत स्नेअरची. गरजेतून निघालेलं हे वादन पुढे ‘स्लॅप’ म्हणून जगभर पसरलं. १९६९ च्या ‘थँक यू’मध्ये ते सर्वांत स्वच्छ ऐकू येतं: अंगठ्याचा जाड ‘थप्’ आणि बोटाचा तडकता ‘टक्’.

‘रायट’मध्ये हा बेस सर्वत्र नाही. काही ठिकाणी ग्रॅहम आहे, पुष्कळ ठिकाणी स्लायने स्वतः बेस वाजवला आहे. कुठलं कुणाचं यावर आजही वाद होतात, त्यात पडू नका. बेस काय करतोय ते ऐका.

‘जस्ट लाइक अ बेबी’ लावा आणि वहीत चार-चार खणांची आठ ओळींची चौकट काढा. प्रत्येक खण म्हणजे एक मात्रा. बेसचा सूर आला तिथे ठिपका, गप्प राहिला तिथे रिकामा खण. नेमकेपणाची काळजी नको. दोन-तीनदा ऐकून भरलीत की मोकळ्या खणांकडे पाहा. वाजवता आलं असतं पण वाजवलं नाही, अशा जागा जितक्या दिसतील तितका हा अल्बम तुम्हाला उलगडत जाईल. नवा बेसवादक या जागा भरून टाकतो. इथे त्या मोकळ्या ठेवल्यामुळेच पुढचा सूर आला की पोटात जाणवतो.

पायरी ६: मधला थर आणि टेपची खरखर

आता कान थोडा वर न्या. ‘फॅमिली अफेअर’मधलं मऊ, घंटेसारखं घुमणारं इलेक्ट्रिक पियानो बिली प्रेस्टनचं आहे. ‘लव्ह एन हेट’मध्ये वाह पेडल लावलेली गिटार आहे, म्हणजे पाय खालीवर करत सुराला तोंड उघडल्या-मिटल्यासारखं करायचं. गिटार इथे सुरावटीसाठी फारशी वापरलेली नाही, ती तालवाद्यासारखी कुरकुरते. ‘रनिन अवे’मध्ये ट्रम्पेट ऐका, कारण १९६९ चा उजेड थोडाफार शिल्लक आहे तो तिथे. चाल गोड, ब्रास स्वच्छ, आणि तरी गाणं पळ काढणाऱ्याची टिंगल करतंय. अल्बम आवडत नाही म्हणणाऱ्याला मी आधी हेच गाणं ऐकवतो.

आणि ती खरखर. हेडफोनवर, गाणं सुरू होण्याच्या क्षणी किंवा वाद्यं विरळ झाली की, मागे ‘सस्स्’ असा पट्टा ऐकू येतो. स्लायने त्याच टेपवर वाजवलं, पुसलं, पुन्हा वाजवलं, एका ट्रॅकवरचं दुसऱ्यावर उतरवलं. चुंबकीय टेप हेडवरून जितक्या वेळा घासली जाते तितकी झिजते, आणि आधी जातात ते वरचे, चमकदार सूर. एकावरून दुसऱ्यावर उतरवलं की प्रत्येक वेळी टेपचा स्वतःचा आवाज वाढतो. म्हणून या अल्बममध्ये झांजेची चमक फारशी नाही, सगळं जाड पडद्याआडून आल्यासारखं आहे. आधुनिक कानाला हा दोष वाटेल. मला तो या अल्बमचा रंग वाटतो. हीच गाणी ‘स्टँड!’सारखी धुऊन-पुसून लख्ख केली असती तर त्यातला थकवा खोटा वाटला असता.

पायरी ७: आवाज, आणि मग शब्द

आता गायकाकडे या. १९६९ चा स्लाय मोकळ्या गळ्याने हाक देतो. इथे तो माइकला ओठ टेकवून, खालच्या पट्टीत, शब्द चघळत गातो. ‘फॅमिली अफेअर’चा मुखडा रोझच्या आवाजात आहे, सरळ आणि शांत. कडव्यात स्लाय येतो तो जड, झोपेतून उठल्यासारखा. भावाबहिणीचे हे दोन आवाज एकमेकांजवळ असूनही वेगवेगळ्या खोल्यांतून आल्यासारखे वाटतात. दोन-तीनदा फक्त ही अदलाबदल ऐका.

यानंतरच शब्द उघडा, कुठल्याही ॲपवर मिळतील. ‘फॅमिली अफेअर’मध्ये एकाच घरातली दोन मुलं आहेत, एकाचा ओढा शिकण्याकडे, दुसरा जाळून टाकावासा वाटणारा, आणि आईचा जीव दोघांत सारखा. दुसऱ्या कडव्यात वर्षभरापूर्वी लग्न झालेलं जोडपं आहे, जे अजूनही एकमेकांना जोखतंय. ‘लव्ह एन हेट’चा सगळा वाद्यवृंद उसळतोय आणि गाणारा म्हणतोय की आत इतकं छान वाटतंय की हलूच नये. शरीर नाचायला बोलावतंय, शब्द जागेवर बसवतात. शब्द आधी वाचले असते तर हे एक सुखाचं गाणं म्हणून निघून गेलं असतं. आधी तळ ऐकल्यामुळे ते सुख नशेचं आहे, आणि त्यातून उठता येत नाहीये, हे कळतं.

पायरी ८: तेच गाणं दोनदा

या सगळ्या सरावातली माझी सर्वांत आवडती पायरी ही. १९६९ चं सिंगल ‘थँक यू’ आणि अल्बमचा शेवटचा ट्रॅक ‘थँक यू फॉर टॉकिन टू मी, आफ्रिका’ लागोपाठ लावा. गाणं तेच आहे. मेट्रोनोम ॲपवर दोन्हींची लय टॅप करून काढा आणि आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. दुसऱ्याची लय बरीच खाली आलेली दिसेल, आणि गाणं सात मिनिटांच्या पुढे गेलेलं.

आता शब्द समोर ठेवून पहिलं कडवं ऐका. त्यात सैतानाशी झटापट आहे, त्याच्या हातात बंदूक आहे, गाणारा पळतोय. हे शब्द १९६९ मध्येही होते. तेव्हा अंगठ्याचा ‘थप्’ इतका झोकात होता की बंदुकीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, लोक नाचत राहिले. १९७१ मध्ये स्लायने लय ओढून खाली आणली आणि तेच कडवं उघडं पडलं. पुढे एका कडव्यात तो आपल्याच जुन्या लोकप्रिय गाण्यांची नावं एकापाठोपाठ घेतो. पहिल्या वेळी ती मिरवणूक वाटते. दुसऱ्या वेळी, त्या ओढलेल्या लयीत, कुणीतरी हरवलेल्या वस्तूंची यादी वाचतोय असं वाटतं. नवा शब्द न लिहिता, फक्त लय आणि आवाज बदलून, त्याने गाण्याचा अर्थ फिरवला.

मुखपृष्ठ

हे पटकन. लाल, पांढरा आणि काळा अशा रंगांतला अमेरिकेचा झेंडा, ताऱ्यांच्या जागी सूर्य. छायाचित्र स्टीव्ह पेली यांचं. काळा म्हणजे रंगाचा अभाव, पांढरा म्हणजे सगळ्या रंगांची बेरीज, आणि लाल म्हणजे सगळ्या माणसांत सारखं असलेलं रक्त, असा स्लायचा विचार होता. मोठ्या आकारात एकदा पाहून ठेवा, फोनवरच्या चौकोनात सूर्य दिसत नाहीत.

वाजवणाऱ्यांसाठी

तुम्ही बँडमध्ये असाल किंवा घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर या अल्बमकडून एक पद्धत घेता येते, आणि ती करून पाहिल्याशिवाय नीट समजत नाही.

एखादा साधा तयार ठेका घ्या, मिनिटाला ८० ते ९० ठोक्यांच्या (बीपीएम) आसपास, आणि तो अजिबात सजवू नका. त्यावर बेस चढवा, दोन आवर्तनांचा एकच तुकडा, आणि त्यातले निदान अर्धे ठोके मोकळे. तो चार मिनिटं न बदलता वाजवा. बदलण्याचा मोह दर अर्ध्या मिनिटाला होईल, तो आवरणं हाच सराव आहे. मग इलेक्ट्रिक पियानो, लांबलेले स्वर, ठेक्याच्या किंचित मागे. लॅपटॉपवर सगळे सूर ग्रिडला, म्हणजे ठेक्याच्या नेमक्या रेषांना, आपोआप चिकटवणारी सोय असते, ती बंद ठेवा, नाहीतर फट बुजते आणि ग्रूव्ह, म्हणजे ठेक्याचा झोका, मरतो. गिटार असेल तर बेसच्या मोकळ्या खणांतच वाजवा, त्यासाठी पाचव्या पायरीची चौकट समोर ठेवा. खरे ड्रम असतील तर ते सर्वांत शेवटी, यंत्र चालू ठेवूनच, आणि फक्त तिथे जिथे यंत्र एकटं पडतंय.

आवाज माइकच्या अगदी जवळ जाऊन, हळू गा. जोर लावायची गरज वाटली तर पट्टी खाली आणा. मिक्स करताना आवाज वाद्यांच्या वर काढू नका, त्यांच्यात बसवा. आपल्याकडे गायकाचा आवाज सगळ्यांच्या पुढे ठेवायची रीत आहे, त्यामुळे पहिल्या वेळी कुणीतरी ‘आवाज वाढव’ म्हणणारच. एकदा तरी वाढवू नका.

यानंतर काय ऐकावं

थेट पुढची पायरी म्हणजे त्याच बँडचा १९७३ चा ‘फ्रेश’. तोवर लॅरी ग्रॅहम गेलेला, बेसवर रस्टी ॲलन आणि ड्रमवर अँडी न्यूमार्क. पहिलंच गाणं ‘इन टाइम’ लावा: मागे यंत्र आहे आणि न्यूमार्क त्याच्याशी गप्पा मारल्यासारखा वाजवतो. ‘रायट’मधला चौथ्या पायरीचा सराव झाला असेल तर हे गाणं ऐकताना फार मजा येते. ग्रॅहमचं पुढचं काम हवं असेल तर त्याचा स्वतःचा बँड ग्रॅहम सेंट्रल स्टेशन.

जॅझकडे वळायचं असेल तर माइल्स डेव्हिसचा १९७२ चा ‘ऑन द कॉर्नर’ आणि हर्बी हॅन्कॉकचा १९७३ चा ‘हेड हंटर्स’. हॅन्कॉकने त्यातल्या एका रचनेचं नावच ‘स्लाय’ ठेवलं आहे. त्यानंतर सरळ २००० सालावर उडी मारून डीॲन्जेलोचा ‘व्हूडू’ लावा आणि ड्रम ठेक्याच्या किती मागे बसलेत ते टेबलावर ठोके देत तपासा.

स्लाय स्टोन ९ जून २०२५ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी गेला. ‘स्टँड!’ आणि ‘रायट’ हे दोन अल्बम शेजारी-शेजारी ठेवून एकाच संध्याकाळी ऐकायचे असतील तर आधी ‘स्टँड!’, मध्ये निदान अर्धा तास काहीही नाही, आणि मग ‘रायट’. उलट क्रमाने ऐकू नका.